नोकर, नुखेर आणि बायकालकाठची भाषा

नोकर हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो? मुलाला नोकरी लागली, भाच्याची नोकरी सुटली, शेजारच्यांना नोकरदार जावई मिळाला. हा शब्द मराठीत फारसीतून आला, हे अनेकांना माहीत असते. पण फारसीत तो कुठून आला, असे विचारले तर उत्तर शोधत थेट मंगोलियाच्या गवताळ माळरानावर जावे लागते.

तेराव्या शतकातल्या मंगोलांच्या भाषेत 'नोकोर' म्हणजे सोबती, जिवाचा साथीदार. चंगीझखान अजून चंगीझखान झाला नव्हता, तेमुजिन नावाचा एक गरीब पोरगा होता, तेव्हाची एक गोष्ट मंगोलांच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे. त्याचे आठ घोडे चोरीला गेले. शोधायला निघालेल्या तेमुजिनला वाटेत घोडीचे दूध काढत बसलेला बोओर्चू नावाचा मुलगा भेटला. त्याने सगळी हकीकत ऐकली आणि बापालाही न सांगता तो तेमुजिनबरोबर निघाला. घोडे परत मिळाले. तेमुजिन त्यातला वाटा देऊ लागला, तर बोओर्चू म्हणाला की मी सोबत म्हणून आलो, कमाई म्हणून नाही. हा तेमुजिनचा नोकोर.

पुढे मंगोलांनी इराणवर राज्य केले. हा शब्द फारसीत गेला, फारसीबरोबर हिंदुस्थानात आला आणि दख्खनच्या दरबारांतून मराठीत उतरला. एवढ्या लांबच्या प्रवासात शब्दाचा दर्जा मात्र घसरला. निघाला तेव्हा तो मित्र होता, पोचला तेव्हा पगारी चाकर झाला.

आज मला ज्या माणसांबद्दल सांगायचे आहे, त्यांच्या भाषेत हा शब्द अजून मूळच्या मानाने नांदतो आहे. ती माणसे म्हणजे बुरियात. त्यांच्या भाषेत 'नुखेर' म्हणजे मित्र. बायको नवऱ्यालाही नुखेर म्हणते. मंगोल कुळातल्या भाषा बोलणाऱ्या लोकांत सर्वांत उत्तरेला राहणारे हे लोक. त्यांचा मुलूख म्हणजे रशियातल्या सैबेरियाचा दक्षिण भाग, बायकाल सरोवराचा परिसर.

बायकाल हे जगातले सर्वांत खोल सरोवर. खोली सोळाशे मीटरहून अधिक. एकावर एक बावीस कुतुबमिनार उभे केले तरी बुडतील. लांबी ६३६ किलोमीटर. पृथ्वीच्या पाठीवर न गोठलेले जेवढे गोडे पाणी आहे, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या एका सरोवरात साठलेला आहे. तीनशेहून अधिक नद्या-ओढे त्यात येऊन मिळतात आणि बाहेर पडते ती एकच, अंगारा. लोककथा सांगते, की अंगारा ही म्हाताऱ्या बायकालची एकुलती एक लेक. येनिसेई नावाच्या दूरच्या नदावर तिचे मन बसले आणि एका रात्री ती पळून गेली. संतापलेल्या बापाने मागून एक प्रचंड खडक फेकला. तो खडक आजही अंगाराच्या मुखाशी पाण्याबाहेर डोके काढून उभा आहे.

या सरोवराच्या पूर्वेला रशियन संघराज्यातले बुरियातिया हे प्रजासत्ताक आहे. त्याची राजधानी उलान-उदे. 'उलान' म्हणजे लाल, आणि उदा हे तिथल्या नदीचे नाव. मंगोलियाची राजधानी उलानबातर, म्हणजे लाल वीर. त्यातल्या 'बातर' या शब्दाला आपण चांगले ओळखतो. तोच आपला 'बहादूर'. बुरियात भाषेत 'दार्गा' म्हणजे वरिष्ठ अधिकारी. तो आपला दरोगा. 'ओर्दोन' म्हणजे राजवाडा; त्याच शब्दाचे तुर्की भावंड 'ओर्दू' म्हणजे लष्कराची छावणी, आणि त्यावरूनच उर्दू भाषेला तिचे नाव मिळाले.

इथे एक प्रश्न उभा राहतो. बहादूर, ओर्दू, खान हे शब्द तुर्कांचे की मंगोलांचे? दोघेही आपले म्हणून सांगतात. काळ्याला तुर्की भाषांत 'कारा' म्हणतात, मंगोल भाषांत 'खारा'. सोन्याला तुर्कीत 'आल्तिन', मंगोलमध्ये 'आल्तान'. आकाशाच्या देवाला तिकडे 'तेंग्री', इकडे 'तेंगेर'. मग या दोन भाषा एका आईच्या लेकी आहेत का? याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. काहींनी तुर्की, मंगोल आणि मांचू या गटांना एकत्र बांधून 'अल्ताई' नावाचे एक कुटुंब मांडले. आज बहुतेक अभ्यासक ते मान्य करत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की हे शेजारधर्माचे शब्द आहेत, रक्ताचे नव्हेत.

मराठी माणसाला हे पटकन समजावे. अण्णा, अक्का, तूप हे शब्द आपण कन्नडकडून घेतले. एकमेकांच्या अंगणात हजार वर्षे वावरल्यावर शब्द कुंपण ओलांडणारच. म्हणून मराठी ही कन्नडची बहीण ठरत नाही. उलट, नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर विसंबले तर माणूस फसतो. बुरियात भाषेत घराला 'गेर' म्हणतात. आपले 'घर' आणि त्यांचे 'गेर' ऐकून कुणालाही नाते जोडावेसे वाटेल. पण हा निव्वळ योगायोग आहे.

नाते ओळखायचे तर नियम शोधावा लागतो, आणि बुरियात भाषेत असा एक सुरेख नियम आहे. मंगोलियातल्या मंगोल भाषेत जिथे 'स' येतो, तिथे बुरियात भाषेत बहुधा 'ह' येतो. चंद्राला मंगोल भाषेत 'सार' म्हणतात, बुरियातमध्ये 'हारा'. पाणी तिकडे 'उस', इकडे 'उहान'. चांगले तिकडे 'साइन', इकडे 'हाइन'. हा बदल आपल्याला अनोळखी नाही. आपला 'सप्त' इराणात 'हफ्त' झाला, सप्ताहाचा हप्ता झाला, सिंधूची हिंदू झाली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण माणसाची जीभ जगभर सारख्याच वाटांनी घसरते, एवढे यावरून दिसते.

नववर्षाच्या सणाच्या नावात हा नियम अगदी उघडा दिसतो. मंगोल लोक त्या महिन्याला 'त्सागान सार' म्हणतात, बुरियात म्हणतात 'सागान हारा'. अर्थ एकच, पांढरा महिना. 'त्स'चा 'स' झाला आणि 'स'चा 'ह'. थंडीच्या अखेरीस येणाऱ्या या सणाचे बुरियात नाव सागालगान. पांढरा रंग म्हणजे दूध, दही, साय, लोणी, म्हणजेच शुभ. त्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचे, दोन्ही हातांवर रेशमी खादक धरून नमस्कार करायचा. मग मीठ घातलेला दुधाचा चहा आणि वाफेवर उकडलेली 'बूझा'. आकार थेट आपल्या उकडीच्या मोदकाचा, फक्त आत मटणाचा खिमा आणि शेंड्याला छिद्र. आधी त्या छिद्रातून आतला रस ओढून घ्यायचा, मग बाकीचे खायचे.

भाषेची ठेवणही पाहू. आपल्यासारखेच त्यांचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'मी जातो' याला 'बी याबनाब', 'तू जातोस' याला 'शी याबनाश'. म्हणजे जातो, जातोस, जातात यांत जसा आपल्याला कर्ता कळतो, तसा त्यांच्याही क्रियापदाच्या शेपटीवरून कळतो. मंगोलियातल्या मंगोल भाषेत ही शेपटी नाही. तुर्की भाषांत आहे. प्रत्यय लावताना मात्र बुरियात भाषा आपल्याला न माहीत असलेली शिस्त पाळते. शब्दात जो स्वर असेल, त्याच्या जातीचा स्वर प्रत्ययाने धारण करायचा. 'गार' म्हणजे हात. हाताने याला 'गार-आर'. 'गेर' म्हणजे घर, तिथे 'गेर-एर'. 'नोम' म्हणजे पुस्तक; तिथे 'नोम-ओर'. प्रत्यय एकच, पण पाहुणा जसा यजमानाच्या घरची रीत पाळतो, तसा तो शब्दागणिक रंग बदलतो. त्यांच्या कवितेचीही अशीच एक शिस्त आहे. आपण यमक ओळीच्या शेवटी जुळवतो. मंगोल परंपरेतले कवी ते ओळीच्या आरंभी जुळवतात. दोन्दोक उल्झितुयेव (१९३६-१९७२) या बुरियात कवीने विसाव्या शतकात ही चाल आग्रहाने जपली.

आता इतिहासाकडे वळू. बुरियात हे नाव मंगोलांच्या त्या जुन्या ग्रंथात येते. १२०७ साली चंगीझखानाचा मुलगा जोची याने उत्तरेकडच्या 'अरण्यातल्या लोकांना' अंकित केले, त्यांत बुरियात होते. पण बायकालच्या काठी ते पहिलेच आले असे नाही. त्यांच्याही आधी तिथे कुरिकान नावाचे तुर्की भाषक लोक होते. आठव्या शतकातल्या ओर्खोन नदीकाठच्या तुर्की शिलालेखांत त्यांचा उल्लेख आहे. त्यांच्यातले काही लेना नदीच्या काठाने उत्तरेला सरकले आणि आजच्या साखा, म्हणजे याकुत लोकांचे पूर्वज झाले, असे मानले जाते. जे मागे राहिले ते मंगोल टोळ्यांत मिसळून गेले. बुरियातांच्या रक्तात तुर्कही आहेत, ते असे.

उलट दिशेचा प्रवासही झाला. मध्य आशियात गेलेल्या बर्लास या मंगोल टोळीने तिथे तुर्की भाषा घेतली, इस्लाम घेतला. त्या टोळीत तैमूर जन्मला आणि त्याच्या वंशात बाबर. बाबराने आपले आत्मचरित्र तुर्कीत लिहिले; पण हिंदुस्थानने त्याच्या घराण्याला मंगोल या शब्दावरूनच 'मोगल' म्हटले.

बुरियातांच्या एका कुळाचे नाव मला फार विचार करायला लावते. ते नाव 'सार्तूल'. तेराव्या शतकात मंगोल लोक मध्य आशियातल्या मुसलमानांना सार्तूल म्हणत. हा शब्द 'सार्त' म्हणजे व्यापारी यावरून आला, आणि सार्त हा संस्कृत 'सार्थ', 'सार्थवाह' यावरून आला, असे अभ्यासकांचे मत आहे. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. संस्कृतातला तांडा, मध्य आशियातला मुसलमान सौदागर आणि सैबेरियातले बौद्ध कूळ, हे तिघे एका शब्दात राहतात. तुम्ही मुसलमान, मग कविता मराठीत कशी, असे मला अधूनमधून कुणी तरी विचारते. त्यांना मी आता या कुळाचे नाव सांगतो.

धर्माच्या बाबतीतही बुरियात एका साच्यात बसत नाहीत. बायकालच्या पश्चिमेचे बुरियात प्रामुख्याने शामान परंपरेचे. डोंगर, नदी, खडक यांना तिथे धनी असतो. सरोवरातल्या ओल्खोन बेटावर रंगीत फिती बांधलेले लाकडी खांब उभे आहेत. त्यांना 'सेर्गे' म्हणतात. हे मुळात घोडे बांधायचे खुंट. पाहुण्याचा घोडा जसा दारात बांधतात, तसा देवांच्या घोड्यांसाठीही खुंट हवा. पूर्वेकडचे बुरियात तिबेटी परंपरेचे बौद्ध झाले. १७४१ साली रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथ यांनी अकरा मठ आणि दीडशे लामांना अधिकृत मान्यता दिली. काहींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तरी हे सगळे बुरियातच.

बौद्ध धर्माबरोबर संस्कृतही तिकडे गेले, तिबेटी आणि मध्य आशियाई भाषांच्या अंगाखांद्यावरून. त्यांच्यात बाझारोव हे आडनाव आढळते. त्यातला 'बाझार' हा आपला बाजार नव्हे. तो 'वज्र' आहे. 'रादना' हे नाव म्हणजे रत्न. जुन्या मंगोल पंचांगातली वारांची नावे तर ऐकण्यासारखी आहेत: आद्या, सुम्या, आंगाराग, बुद, बार्हास्बाद, सुगार, सान्चिर. आदित्यापासून शनीपर्यंत सगळे ओळखू येतात. ज्यांनी अंगारकी चतुर्थी केली आहे, त्यांना तर मंगळवार कुठला हे सांगायला नको. ग्रहाला त्यांचा शब्द 'गाराग', तो ग्रहच.

सतराव्या शतकात रशियन कोसॅक शिपाई किल्ले बांधत बायकालपर्यंत पोचले. १६६१ साली इर्कुत्स्क वसले, १६६६ साली आजच्या उलान-उदेच्या जागी गढी उभी राहिली. त्यांना हवे होते सेबल नावाच्या प्राण्याचे मऊ कातडे, कराच्या रूपात. १६८९ आणि १७२७ साली रशिया आणि चीन यांनी तह करून सरहद्द आखली. माळरानावर तोवर गुरे चारत फिरणाऱ्यांना एके दिवशी कळले, की टेकडीपलीकडचे भाऊबंद आता दुसऱ्या साम्राज्यात आहेत. तेव्हापासून बुरियात आणि मंगोल हे दोन निराळे लोक होत गेले.

या लोकांतून मोठी माणसे निघाली. दोर्जी बान्झारोव (१८२२-१८५५) हे युरोपीय पद्धतीचे उच्च शिक्षण घेतलेले पहिले बुरियात विद्वान. कझान विद्यापीठात शिकून त्यांनी मंगोलांच्या शामान धर्मावर ग्रंथ लिहिला. दुसरे आग्वान दोर्जियेव. बायकालकाठचा हा लामा ल्हासाला शिकायला गेला आणि तेराव्या दलाई लामांचा शिक्षक व सल्लागार झाला. दलाई लामांचा दूत म्हणून तो रशियाच्या झारला भेटला. त्याचा धसका हिंदुस्थानच्या राजधानीत लॉर्ड कर्झनने घेतला. रशिया तिबेटात शिरतो आहे या संशयापोटी १९०३-०४ साली यंगहजबंडची फौज ल्हासावर चालून गेली. आपल्या शालेय इतिहासात ही स्वारी एका ओळीत येते. त्या ओळीच्या मागे एक बुरियात लामा उभा आहे.

पण मला दोर्जियेव आठवतो तो निराळ्या कारणाने. त्याने आपल्या लोकांसाठी लिपी बनवली.

बुरियात तोवर जुनी मंगोल लिपी वापरत होते. ती वरून खाली लिहितात. तिचा उगम उइगुर लिपीत, उइगुरचा सोग्दी लिपीत आणि त्यामागे अरामी. अरबी आणि म्हणून उर्दू लिपीचेही मूळ अरामीच. म्हणजे उर्दूची आणि मंगोलांची लिपी दूरच्या चुलत बहिणी. एक आडवी चालते, दुसरी पावसासारखी खाली उतरते. ही जुनी लिपी शब्दाचा बोलीतला उच्चार नेमका दाखवत नसे. त्यामुळे वेगवेगळ्या बोलींच्या लोकांना ती वाचता येई, पण तिच्यातून आपली बोली ऐकू येत नसे. पश्चिमेकडच्या बुरियातांत तर ती फारशी रुजलीच नव्हती. पूर्व आणि पश्चिम जोडावी म्हणून दोर्जियेवने १९०५ साली तिच्यात सुधारणा केली. नाव ठेवले 'वागिंद्र'. आग्वान या त्याच्या तिबेटी नावाचे हे संस्कृत रूप. वाक् अधिक इंद्र, वाणीचा स्वामी. त्या लिपीत थोडी पुस्तके छापली गेली आणि काही वर्षांतच ती मागे पडली.

१९१७च्या क्रांतीनंतर, १९२३ साली 'बुरियात-मंगोल' स्वायत्त सोव्हिएत प्रजासत्ताक स्थापन झाले. १९३१च्या सुमारास सरकारने जुनी लिपी काढून रोमन आणली. ती हातात बसते न बसते तोच १९३९ साली रशियन लिपी आली. तिच्यात फक्त तीन अक्षरे जास्तीची घालावी लागली. दोन स्वरांची, आणि एक त्या खास 'ह'चे. मधल्या काळात प्रमाण भाषाही बदलली. आधी दक्षिणेकडची, मंगोल भाषेला जवळची बोली प्रमाण धरली होती. १९३६ साली ती सोडून पूर्वेकडची खोरी बोली घेतली. मंगोलियाशी असलेला धागा तेवढा आणखी तुटला.

हिशेब करून पाहा. १९०० साली जन्मलेला माणूस जुन्या लिपीत शिकला. त्याचा धाकटा भाऊ रोमनमध्ये शिकला. मुलगा रशियन लिपीत. एका छपराखाली तीन लिप्या, आणि बापाने लिहिलेले मुलाला वाचता येत नाही. माझ्या आजोबांची मोडीतली एक वही घरात आहे. जमाखर्च असेल, कदाचित आणखी काही असेल. मला ती वाचता येत नाही. आपल्याकडे मोडी हळूहळू गेली, आणि बाळबोध आधीपासून हाताशी होती. तिथे हे सारे सरकारी हुकमाने पंधरा वर्षांच्या आत घडले, आणि जुनी वही घरात सापडणे हाच गुन्हा ठरू शकत होता.

कारण ते दिवस १९३७चे होते. त्या वर्षी स्टालिनच्या राजवटीने प्रजासत्ताकाचे तुकडे केले. पश्चिमेचा उस्त-ओर्दा आणि पूर्वेचा आगा हे भाग तोडून शेजारच्या रशियन प्रांतांना जोडले. मठ बंद झाले, लामा तुरुंगात गेले. दोर्जियेवला अटक झाली आणि १९३८च्या जानेवारीत उलान-उदेच्या तुरुंगातल्या इस्पितळात तो वारला. वाणीचा स्वामी असा मुका झाला. १९०६ साली गावोगाव फिरून 'अबाई गेसेर' हे महाकाव्य एका गायकाच्या तोंडून उतरवून घेणारे त्स्येबेन झाम्त्सारानो १९४२ साली कैदेतच मरण पावले.

त्यांनी लिहून घेतलेले ते गेसेरचे काव्य वीस हजारांहून अधिक ओळींचे आहे. पृथ्वीवरचे राक्षस संपवण्यासाठी स्वर्गातून जन्म घेणाऱ्या वीराची ही कथा. तिबेटात ती गेसर म्हणून गातात, आपल्या लडाखमध्ये केसर म्हणून. १९४०च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत अधिकाऱ्यांनी हे काव्य सरंजामी ठरवून त्यावर बंदी घातली. १९५०च्या दशकात ती उठली. १९५८ साली प्रजासत्ताकाच्या नावातून 'मंगोल' हा शब्द वगळण्यात आला. आपण कोण, याचे अर्धे उत्तर पाटीवरून पुसले गेले.

१९७०च्या दशकात शाळांतले बुरियात माध्यम बंद झाले. आईबापांनीही मुलांशी रशियनच बोलायला सुरुवात केली, कारण पोटाची वाट रशियनमधून जाते. २००२च्या जनगणनेत रशियात सुमारे ४ लाख ४५ हजार बुरियात होते, आणि ३ लाख ६९ हजार लोकांनी बुरियात येते असे सांगितले. २०१० साली बुरियातांची संख्या वाढून ४ लाख ६१ हजार झाली. भाषा येणाऱ्यांचा आकडा मात्र २ लाख १९ हजारांवर आला. मोजणीच्या पद्धतीतला फरक गृहीत धरला, तरी उतार लपत नाही. खुद्द बुरियातियातही बुरियात साधारण तीस टक्केच आहेत. २००८ साली उस्त-ओर्दा आणि आगा यांची उरलीसुरली स्वायत्तताही शेजारच्या प्रांतांत विलीन झाली. २०१८च्या कायद्याने शाळेत मातृभाषा शिकणे पालकांच्या लेखी इच्छेवर ठेवले. युनेस्कोने ही भाषा धोक्यातल्या भाषांच्या यादीत घातली आहे.

कुणी म्हणेल, भाषा येतात आणि जातात. बर्लास नाही का तुर्की बोलू लागले? खरे आहे. बुरियातांनीही दुसऱ्यांच्या भाषा गिळल्या आहेत. सायान पर्वताच्या कुशीत, बुरियातियाच्या ओका खोऱ्यात सोयोत नावाचे काही हजार लोक राहतात. रेनडिअर पाळणाऱ्या या लोकांची भाषा तुर्की कुळातली. पिढ्यानपिढ्या बुरियातांच्या शेजारी राहून ते बुरियात बोलू लागले आणि त्यांची स्वतःची भाषा विसाव्या शतकात संपली. पण पुढे काय झाले पाहा. वालेंतिन रास्सादिन या भाषाशास्त्रज्ञाने काही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून शब्द गोळा केले, २००१ साली सोयोत भाषेला लिपी दिली, बालभारती तयार केली आणि ओकाच्या शाळेत मुले ती शिकू लागली. गेलेली भाषा अशी पूर्ण परत येत नाही. पण आपण काय गमावले, हे त्या मुलांना कळले.

बुरियातांची गोष्ट अजून एवढ्या टोकाला गेलेली नाही. चीनच्या अंतर्गत मंगोलियात शेनेहेन नदीच्या काठी, क्रांतीनंतरच्या यादवीत पळून गेलेल्या बुरियातांची वस्ती आहे. तिथे मुले आजही घरात बुरियात बोलतात आणि जुनी उभी लिपी शिकतात. त्यांतली काही कुटुंबे १९९०नंतर बुरियातियात परतली, तेव्हा शहरातल्या बुरियातांना आपल्या आज्यांची भाषा तरुण तोंडून ऐकायला मिळाली. उलान-उदेच्या रंगभूमीवर बुरियात नाटके होतात. तिथले नाट्यगृह होत्सा नाम्सारायेव या बुरियात साहित्यिकाच्या नावाने ओळखले जाते. २०२२च्या सप्टेंबरात युक्रेन युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा अनेक तरुण बुरियात सरहद्द ओलांडून मंगोलियात गेले. १७२७ साली आखलेली तीच सरहद्द. पलीकडच्या भाऊबंदांशी बोलायचे तर रशियन पुरत नव्हती. आजीकडून ऐकलेले चार शब्द तिथे उपयोगी पडले असतील, आणि न शिकलेले हजार शब्द टोचले असतील.

साम्राज्ये, सरहद्दी, हुकूम यांपुढे एकट्यादुकट्या माणसाचे काही चालत नाही. पण भाषा जशी सरकारी कागदावर असते तशी ती चुलीपाशीही असते, आणि तिथे हुकूम आईचा चालतो. बायकालच्या काठी एखादी आजी नातवाला पाणी मागताना 'उहान' म्हणते की रशियन शब्द वापरते, यावर पुढच्या जनगणनेतला आकडा ठरणार आहे. आपल्या घरांतही नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत पाणी मागतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

आणि उद्या नोकरीवर जायला निघाल तेव्हा त्या शब्दाकडे जरा आदराने पाहा. घोडीचे दूध काढायचे सोडून, बापालाही न सांगता, अनोळखी पोराच्या सोबतीला निघालेला एक मुलगा त्यात अजून बसलेला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)